टोचन

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या जेटीच्या उतारावर मी हातात जांभ्याचा एक दगड घेऊन उभा होतो. माझ्यासमोर लोखंडी ट्रॉली होती, ट्रॉलीवर पुतण्याची फायबरची होडी होती आणि ट्रॉलीच्या पुढे, त्याने मित्राकडून मागून आणलेली पेट्रोलवर चालणारी छोटी पिकअप होती. सुकती लागून तासभर झाला होता. पाणी जसजसे खाली जात होते, तसतसा उताराचा हिरवा, शेवाळलेला भाग उघडा पडत होता आणि गाडीची मागची चाके नेमकी त्या हिरव्या भागावर होती. पुतण्याने गियर टाकला. चाके जागच्या जागी फिरली, मग कुठेतरी पकड मिळाली, गाडी वीतभर वर सरकली, इंजिनाचा आवाज चढत गेला आणि चढता चढता एकदम खाली बसला. पाठोपाठ तो वास आला. क्लच प्लेट जळते तेव्हा येणारा, सुंभ करपावे तसा, घशाशी चिकटून राहणारा वास. ट्रॉली हातभर मागे आली. मी वाकून दगड चाकामागे सरकवला, चाक त्याच्यावर टेकले, दगडाचा एक टवका उडाला आणि सगळे थांबले.

कोणालाही काही झाले नाही. शेजारचे वृद्ध तांडेल धक्क्यावर बसून हे सारे पाहत होते. ते एवढेच म्हणाले, "मास्तरानू, ट्रॅक्टर हाडूक होयो होतो." अर्ध्या तासाने वाडीतला ट्रॅक्टर आला आणि त्याने होडी दोन मिनिटांत रस्त्यावर नेऊन ठेवली. पावसाआधीचे काम झाले म्हणून घरातल्या सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. तळहातावर जांभ्याची तांबडी भुकटी साबणाने धुऊनही रेषारेषांत राहिली होती, आणि डोळ्यांसमोर येत होते ते मागे सरकणारे ट्रॉलीचे चाक नव्हे, तर गाडीच्या आरशातून माझ्याकडे वळलेले पुतण्याचे डोळे. त्या डोळ्यांत राग नव्हता. "काका, आता काय करू?" एवढाच प्रश्न त्यांत होता, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

पेट्रोलची गाडी घे, असे त्याला मीच सांगितले होते.

पुतण्याला पिकअप घ्यायची होती. विजयदुर्गाला येणाऱ्या पर्यटकांना तो खाडीतून आणि समुद्राच्या बाजूने किल्ला दाखवतो. त्यासाठीची होडी पावसाळ्यापूर्वी पाण्याबाहेर काढून घरी आणावी लागते आणि पाऊस सरला की पुन्हा पाण्यात सोडावी लागते. मध्ये एखाद-दुसऱ्या वेळी तळ घासण्यासाठी, रंगासाठी ती बाहेर काढावी लागते. म्हणजे वर्षातून चार-पाच वेळा होडी ओढायची. एप्रिल-मेमध्ये आमच्या बागेतला आणि शेजारच्या दोन बागांमधला आंबा. उरलेले दहा महिने पाहुण्यांचे सामान, गॅसची सिलिंडरे, मासळी, सिमेंटच्या दोन-चार गोणी अशी पाच-सात किलोमीटरची किरकोळ ने-आण. मी बत्तीस वर्षे गणित शिकवले आहे. त्यामुळे पुतण्याने विचारल्याबरोबर मी फुलस्केप कागदाची दोन पाने हिशेबाने भरली. डिझेलच्या गाडीची किंमत जास्त, देखभाल महाग. वर्षभराचे किलोमीटर इतके कमी की इंधनात वाचलेल्या पैशांतून तो फरक भरून यायला कित्येक वर्षे लागतील. होडीवरचे आउटबोर्ड इंजिन पेट्रोलचेच, तेव्हा एकाच कॅनमधून दोघांची सोय. दोन्ही पानांच्या शेवटी, दोन रेघा मारून, मी "पेट्रोल" असे लिहिले. पुतण्या बयाणा देण्याच्या बेतात होता. मित्राकडे त्याच प्रकारची गाडी होती म्हणून आधी तिच्यावर होडी ओढून पाहावी, असे त्याने ठरवले, आणि तो दिवस उतारावर असा गेला.

आपल्याकडे गाडीने गाडी ओढण्याला टोचन म्हणतात. टो आणि चेन हे दोन इंग्रजी शब्द ड्रायव्हरांच्या तोंडी एकमेकांत मिसळून तो तयार झाला असावा, पण आता तो इतका आपला झाला आहे की घाटात बंद पडलेल्या माणसाला "टोचन लावू का?" असे विचारले की त्याच्या चेहऱ्यावर जो दिलासा उमटतो, तो दुसऱ्या कोणत्याही शब्दाने उमटणार नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरात हा शब्द रोजचा होता. वडिलांकडे डिझेलवरची मेटाडोर होती. आंब्याच्या दिवसांत ते फोंडा घाटाने किंवा गगनबावड्याने वर कोल्हापूरला जात, आणि परतताना घाटात कोणी ना कोणी अडलेले त्यांना भेटेच. सीटमागे जाड काथ्याचा दोर, एक साखळी आणि दोन लाकडी ठोकळे कायम असत. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जाई. पहाटे चारला मेटाडोर सुरू करण्याआधी वडील हीटर मारून, म्हणजे गार इंजिन आतून तापवून, थांबत. त्या थांबण्यात एक शांतता असे, पेंढ्यात भरलेल्या आंब्यांचा वास आणि डिझेलचा वास एकमेकांत मिसळलेला असे, आणि मग एकदम ते खडखडणारे इंजिन सगळी वाडी जागी करी. अजूनही कुठे जुने डिझेल इंजिन सुरू झाले की मला आधी आंब्याचा वास येतो.

वडिलांच्या दोन गोष्टी मी पक्क्या लक्षात ठेवल्या आहेत. एक म्हणजे, ज्या गियरने चढलास त्याच गियरने उतर, हे वाक्य. ते त्यांचे एकट्याचे नव्हे, घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरचे आहे. दुसरी म्हणजे, टोचन लावल्यावर ते गाडी कशी हलवत ती रीत. दोर ताणला जाईपर्यंत गाडी मुंगीच्या पावलाने पुढे घेत. दोर सरळ झाला की क्षणभर थांबत. मग अॅक्सिलरेटरला जेमतेम पाय लावून क्लच सोडत, आणि ते इंजिन जराही न किंचाळता, खालच्याच सुरात घोगरत दोन्ही गाड्यांचे वजन अंगावर घेई. मला त्या वेळी ते वडिलांचे कसब वाटे. ते कसब होतेच. पण त्यातला अर्धा वाटा इंजिनाचा होता, हे मला पन्नास वर्षांनी, होडी मागे सरकल्यावर कळले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी मी एका गवंड्याकडून लेव्हलची पाण्याची नळी मागून आणली आणि जेटीचा उतार मोजला. रस्त्याच्या कडेपासून शेवाळाच्या खालच्या टोकापर्यंत सोळा मीटर लांबी आणि दोन मीटर उंची. आठास एक. मग घरी बसून वजनांची बेरीज केली. होडी, तिचे इंजिन, टाकीतले पेट्रोल आणि तळात साचलेले पाणी मिळून साधारण साडेनऊशे किलो, ट्रॉली साडेतीनशे, पिकअप हजाराच्या आसपास. एकूण तेवीसशे किलो धरले, तर आठास एकच्या चढावर नुसते जागेवर टिकून राहण्यासाठी त्याच्या आठव्या भागाइतका, म्हणजे जवळजवळ दोनशे नव्वद किलोंचा जोर लागतो. हलायचे असेल, तर त्याहून जास्त. हा हिशेब नववीच्या मुलालाही येतो. माझ्या त्या दोन पानांवर प्रति किलोमीटर खर्च होता, व्याज होते, विमा होता. उतार मात्र कुठेच नव्हता.

आता हा जोर इंजिन कुठून आणते, ते पाहू. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण साधारण दहापट दाबले जाते आणि ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. नुसती हवा सोळा ते अठरापट दाबली जाते, त्या दाबानेच ती इतकी तापते की आत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग येथे हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, त्यालाही आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. या जास्त दाबामुळे आणि आताच्या टर्बोमुळे डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरच आपला पुरा पीळ देते. ज्याला आपण सगळे टॉर्क म्हणतो, तो दीड-दोन हजार आरपीएमच्या आसपास हाताशी येतो. छोट्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाला तो मिळवण्यासाठी त्याच्या दुप्पट फिरावे लागते. सपाट रस्त्यावर याने काही बिघडत नाही. उलट पेट्रोलची गाडी चपळ वाटते. पण मागे टनभर वजन असताना उभ्या जागेवरून निघायचे म्हटले, की ड्रायव्हरला इंजिन खूप फिरवावे लागते आणि चाके तर फिरत नसतात. हे दोन्ही एकमेकांशी जुळवून घेण्याचे सगळे ओझे हाफ क्लचवर, म्हणजे त्या बिचाऱ्या प्लेटवर पडते. आमच्या नाकाशी आलेला वास त्याचाच होता.

परंतु मी पुतण्याशी प्रामाणिक राहायचे ठरवले होते, म्हणून हिशेब तिथे थांबवला नाही. चाके आधी जागच्या जागी फिरली होती, हे मी स्वतः पाहिले होते. इंजिनात जोर नसता, तर चाके फिरलीच नसती. रिकाम्या हौद्याच्या छोट्या पिकअपच्या मागच्या आसावर जेमतेम चार-साडेचारशे किलो वजन असते; शेवाळावर त्यातले निम्मेदेखील पकडीसाठी उपयोगी पडत नाही. तिथे कोणतीही गाडी, कोणत्याही इंधनावरची, घसरलीच असती. शिवाय आमची होडी ट्रॉलीवर फार मागे बसली होती. आउटबोर्ड इंजिन होडीच्या टोकाला, म्हणून सगळा भार मागे, आणि ट्रॉलीचा दांडा गाडीच्या हुकाला खाली दाबण्याऐवजी जवळजवळ वर उचलत होता. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग हुकावर यायला हवा, हा नियम मला नंतर समजला. तो पाळला असता, तर त्याच गाडीला मागच्या चाकांवर दीडशे किलो फुकट मिळाले असते. म्हणजे त्या दिवशी दोन चुका एकाच वेळी झाल्या होत्या, आणि पेट्रोलवर दोष टाकून मोकळे होणे सोपे होते तरी खरे नव्हते.

माझी भाची अमेरिकेत, मिशिगनमध्ये असते. तिकडे जागोजागी तळी आणि घरोघरी होड्या. तिच्या यजमानांनाही पिकअप घ्यायची होती, आणि फोनवर बोलता बोलता कळले, की तिकडे तर हा रोजचाच वादाचा विषय आहे. मात्र तिथल्या वादाचे आकडे ऐकून मी स्तब्ध झालो. रॅमच्या अवजड पिकअपमधल्या ६.७ लिटरच्या कमिन्स डिझेल इंजिनाचा टॉर्क २०१९ मध्ये हजार पाऊंड-फूट, म्हणजे साडेतेराशे न्यूटन-मीटरच्या वर गेला. आपल्याकडे २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायलक्सचे २.८ लिटरचे डिझेल इंजिन ऑटोमॅटिक गाडीत पाचशे न्यूटन-मीटर देते, आणि आंबा वाहणाऱ्या आपल्या अडीच लिटरच्या नेहमीच्या पिकअपचा टॉर्क दोनशेच्या आसपास असतो. कमिन्स हे नाव मराठी माणसाला परके नाही. पुण्यात कोथरूडला १९६०च्या दशकापासून ती इंजिने बनत आली आहेत आणि आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटलेली आहे. तिकडे डिझेल पंपावर बहुधा पेट्रोलपेक्षा महाग असते आणि अवजड पिकअपमध्ये डिझेल इंजिन निवडले, तर हजारो डॉलर जास्त मोजावे लागतात. तरीही जे लोक वजनदार ट्रेलर दूरवर नेतात, ते डिझेलच घेतात. उन्हाळ्यातून दहा वेळा जवळच्या तळ्यावर होडी नेणारे आता टर्बो लावलेल्या पेट्रोल इंजिनावर समाधानी असतात, असे भाचीच्या यजमानांनी सांगितले. त्यांनी पेट्रोल घेतले. त्यांच्या घरापासून तळ्यापर्यंतचा रस्ता टेबलासारखा सपाट आहे.

त्यांनीच मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून मी उठून खिडकीपाशी गेलो. तिकडे कोणत्या गाडीने किती वजन ओढावे, हे ठरवण्यासाठी जे २८०७ या नावाचा एक मानक आहे. त्यात अॅरिझोनामधल्या डेव्हिस डॅमच्या जवळजवळ अठरा किलोमीटरच्या चढावर, कडक उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, मागे पुरे वजन लावून गाडी ठरावीक वेगाच्या खाली न येता चढवावी लागते. हे झाले लांबच्या घाटाचे. पण त्याच मानकात दुसरी एक चाचणी आहे: बारा टक्के चढावर, वजनासकट, पूर्ण उभ्या अवस्थेतून गाडी पाच मीटर पुढे न्यायची, आणि असे पाच मिनिटांत पाच वेळा करून दाखवायचे. नंतर तेच उलट्या दिशेने. बारा टक्के म्हणजे जवळजवळ आठास एक. आमच्या जेटीचा उतार! जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी माणसांनी बसून, विचार करून, गाडीची खरी परीक्षा त्या पहिल्या पाच मीटरांत असते हे कागदावर उतरवले होते, आणि मी गणिताचा शिक्षक असूनही माझ्या कागदावर तो चढ आला नव्हता.

त्यानंतर मी डिझेलच्या बाजूला झुकलो, हे कबूल करतो. पण जितका झुकलो तितका मला माझा संशय येऊ लागला. हे मी उतारामुळे म्हणतो आहे, की पहाटे चारच्या त्या हीटरच्या शांततेमुळे? आमच्या वडिलांच्या पिढीने डिझेल घेतले, त्यामागे जोराइतकेच स्वस्ताईचे कारण होते. डिझेलची किंमत सरकार ठरवत असे आणि ती पेट्रोलपेक्षा पुष्कळ खाली असे. पेट्रोल २०१० मध्ये आणि डिझेल २०१४ मध्ये नियंत्रणातून मुक्त झाल्यावर तो फरक आकसत गेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नवे निकष आले आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी बसली. त्याच सुमारास मारुतीसारख्या कंपनीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले. २००५ मध्ये दोन सिलिंडरांचे ७०२ सीसीचे डिझेल इंजिन घेऊन आलेला टाटा एस, आपला छोटा हत्ती, आज पेट्रोलमध्येही मिळतो. छोट्या गाड्यांत वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे, हे स्पष्ट दिसत होते. आपल्याकडे टन-दीड टन वाहणाऱ्या वर्गात मात्र अजून डिझेलच मुख्य आहे. म्हणजे पुतण्यापुढचा पर्याय तसा नुसत्या दोन इंधनांचा नव्हता, तर हलकी पेट्रोल गाडी आणि भारी डिझेल गाडी असा होता.

त्या गाळणीने, डीपीएफने, मला सर्वांत जास्त विचारात पाडले. इंजिनातून येणारी काजळी तिच्यात साठते आणि धूर पुरेसा तापला की जळून जाते. त्यासाठी सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. महामार्गावर अर्धा-पाऊण तास एका वेगाने गाडी चालली, की हे आपोआप होते. पण घर ते जेटी, जेटी ते बाजार, बाजार ते घर अशा पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ती कधीच तेवढी तापत नाही, काजळी साठत राहते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि दुर्लक्ष केले तर गाडीचा दमच जातो. तालुक्याच्या ठिकाणी एक जुने फिटर आहेत. त्यांनी इंजिनावरचे झाकण उघडून, बोट लावून, मला ती जागा दाखवली आणि सांगितले, की कोकणात गावातल्या गावात फिरणाऱ्या नव्या डिझेल गाड्या याच कारणासाठी त्यांच्याकडे येतात. त्यांनी आणखी एक समज दूर केला. डिझेलची गाडी उतारावर जास्त धरून ठेवते, असे मी आयुष्यभर मानत आलो होतो. ते म्हणाले, नुसत्या इंजिनापुरते बोलायचे तर उलटे आहे. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची झडप मिटते, पिस्टन हवेसाठी ओढ घेत राहतात आणि ती ओढ ब्रेकचे काम करते. डिझेलमध्ये हवेची वाट मोकळीच असते. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी घेतलेला जोर परत देऊन टाकते. म्हणून तर मोठ्या ट्रकांना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक लावतात. वडिलांची मेटाडोर घाटात धरून राही, ती खालच्या गियरमुळे आणि वडिलांच्या धीरामुळे.

हे ऐकून मी थोडा वेळ फिटरच्या बाकावर बसून राहिलो. होडी नुसती वर ओढायची नसते, ती पाण्याकडे उतरवायचीही असते.

पुतण्याला मी सगळे सांगितले. दोन पानांची आता सहा झाली होती. या वेळी शेवटी रेघा मारून काही लिहिले नाही. आम्ही ओटीवर बसलो होतो, वहिनी फणसाचे गरे काढत होती आणि पाऊस पन्हाळीतून पडत होता. पुतण्याने पाने वाचली आणि विचारले, "काका, आंब्याचं काय धरलं आहे?" आंबा मी स्थानिक ट्रान्सपोर्टवाल्याकडे देण्याच्या हिशेबाने धरला होता. तो म्हणाला, की बाग आपली, शेजारची, आणि पलीकडच्या वाडीतल्या दोघांची, अशी मिळून हंगामात बारा-पंधरा खेपा वाशीला स्वतः करण्याचा त्याचा विचार आहे. दर खेपेला ट्रान्सपोर्टमध्ये पेट्या आदळतात, फळाला डाग पडतो आणि दर पडतो, हे तो तीन वर्षे पाहत होता. देवगड तालुक्यातून वाशी म्हणजे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, वाटेत परशुराम, कशेडी हे घाट. भरल्या हौद्याने ते अंतर रात्रीत कापायचे, तर चढावर छोटे पेट्रोल इंजिन सतत चढ्या आवाजात पळणार आणि वजन वाढले की त्याचे मायलेज डिझेलपेक्षा फार लवकर कोसळणार. लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही दहा-बारा टक्के जास्तच असते. त्याच्या या एका वाक्याने सगळा हिशेब फिरला. मी त्याला होडीबद्दल विचारत राहिलो होतो, आणि त्याच्या मनात आंबा होता. त्याने आधी हे का सांगितले नाही, असे मी विचारले नाही. माझ्या कागदांपुढे ते बोलायला त्याला संकोच वाटला असणार, आणि याचे मला वाईट वाटले, आजही वाटते.

गणपतीनंतर डिझेलची पिकअप आली. तीन वर्षे वापरलेली, पण अंगाने घट्ट, मागचे पाटे मजबूत. ट्रॉलीची रीतसर नोंदणी केली. कायद्याच्या लेखी ट्रेलर हेदेखील वाहनच आहे, हे आम्हांला त्या निमित्ताने समजले. वेल्डरकडून होडी बसण्याचा साचा वीतभर पुढे घेतला, त्यामुळे दांडा आता हुकावर नीट दाबून बसतो. नोव्हेंबरात डॅशबोर्डवर तो दिवा लागलाच. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी पुतण्या गाडी घेऊन नांदगाव तिठ्यावर महामार्गाला लागतो आणि कणकवलीपर्यंत एका वेगाने जाऊन परत येतो. मीही बरोबर जातो. गाळणी साफ व्हावी म्हणून निघालेल्या त्या खेपांमध्ये आम्ही काका-पुतणे जितके बोललो, तितके गेल्या दहा वर्षांत बोललो नव्हतो. एकदा त्याने विचारले, "आजोबा घाटात टोचन लावायचे तेव्हा पैसे घ्यायचे का?" मी सांगितले, की घेत नसत; पण ज्याला ओढले त्याने दिलेला चहा मात्र कधी नाकारत नसत.

मिठाचे पाणी मात्र कोणाचे सगे नाही. ट्रॉली पाण्यात उतरवली, की गाडीची मागची चाके आणि ब्रेकचे ड्रम खारे होतात. पुतण्या प्रत्येक वेळी घरी आल्यावर विहिरीच्या पाण्याने खालून सगळे धुतो, तरी पाट्यांच्या कडांवर तांबूस रेघ दिसू लागली आहे. भारी गाडी, त्यात डिझेलचे इंजिन, म्हणून खाली येताना जास्त जपावे लागते, हे फिटरचे म्हणणेही खरे निघाले. पहिल्यांदा होडी पाण्यात सोडताना पुतण्याने रिव्हर्स टाकून क्लच पूर्ण सोडला, पाय ब्रेकवर ठेवला आणि गाडी अशी उतरवली, की जणू तिच्या मागे होडी नव्हे, झोपलेले मूल आहे.

या वर्षी होडी काढायची वेळ मे महिन्याच्या मध्यालाच ठरवली. उधाणाची भरती होती, पाणी जवळजवळ रस्त्याला टेकले होते आणि ओढण्याचे अंतर निम्म्याने कमी झाले होते. ही वेळ तांडेलांनी सांगितली. आदल्या दिवशीच्या ओहोटीला आम्ही ब्लीचिंग पावडर टाकून, खराट्याने घासून उताराचे शेवाळ काढले होते. हौद्यात वीस चिरे रचून फाळका लावला होता. एक चिरा तीसएक किलोंचा, म्हणजे मागच्या चाकांवर सहाशे किलो. होडी तरंगत ट्रॉलीवर आली. पुतण्याने दोर बांधला, गाडीत बसला, हुकातला ढिलेपणा जाईपर्यंत गाडी मुंगीच्या पावलाने पुढे घेतली आणि क्षणभर थांबला. ही रीत मी त्याला शिकवलेली नव्हती. रविवारी कधीतरी वडिलांच्या गोष्टी सांगताना तोंडून गेली असेल. मग त्याने क्लच सोडला. इंजिनाचा आवाज चढला नाही. ते खालच्या सुरात घोगरले, मागचे पाटे दबले, ट्रॉलीच्या चाकांमधून पाणी निथळले आणि होडी वर येऊ लागली.

धक्क्यावर तांडेल बसले होते. त्यांनी विडी पेटवली आणि काही बोलले नाहीत. मी ट्रॉलीच्या मागे, दीड हात अंतर ठेवून, त्याच दगडासह चालत होतो; त्याचा गेल्या वर्षी उडालेला टवका माझ्या अंगठ्याला लागत होता. गाडी रस्त्यावर पोचली, पुतण्याने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केले आणि खाली उतरून माझ्याकडे पाहिले. मी वाकून दगड ट्रॉलीच्या चाकामागे लावला.

"काका, सपाट आहे इथे," तो म्हणाला.

"असू दे," मी म्हणालो.